गुरुवारचा पिवळा पंथ

मंगळवार, २५ फेब्रुवारी २०२५

जावयानं टक्कल केलंय!

सिअ‍ॅटलच्या विमानतळावर मी ओळखलंच नाही. शंतनू पुढे आला, वाकून नमस्कार केला, तर डोकं गुळगुळीत. म्हटलं, नागपूरला तुझ्या घरी काही झालं का? तर हसला. "नाही हो आई, सहज. गरम होतं." बाहेर पाऊस, मी दोन स्वेटर घालून कुडकुडतेय, आणि याला म्हणे गरम होतं.

इशिता बारीक झालीय. केस सरळ करून घेतलेत, खांद्यापर्यंत. उद्या तेल लावून देते म्हटलं तर नको म्हणाली, पार्लरवालीनं मनाई केलीय. या देशात आईनं तेल लावायलाही परवानगी लागते! पण "आई, तू ये, मला मदत हवीय" असं लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाली होती. म्हणून तर, हे जाऊन वर्षही झालं नाही तरी, आले.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सकाळी दोघं लवकर गेली. एरवी दोघांचंही काम घरूनच चालतं, गुरुवारी मात्र इशिताला ऑफिसला जावंच लागतं म्हणे. शंतनू सोडतो. त्याच्या अंगात पिवळा स्वेटर, हिच्या गळ्यात पिवळा स्टोल. गुरुवारी पिवळं? मी मनात नोंद केली.

चारला आली. इशिता सरळ जाऊन झोपली. हा आधी आंघोळीला. मग अनयाला, माझ्या नातीला, जवळ घेतलं.

शनिवार, १ मार्च

गाजराची कोशिंबीर केली, कुणी हात लावला नाही. यापुढे घरात कच्चं काही नको, असं इशितानं सांगितलं. बाहेरचं खाणंही बंद. मी विचारलं, कुणाला चालत नाही? ती शंतनूकडे बघायला लागली. तो म्हणाला, "मला, आई. मला नाही चालत."

लग्नात याच माणसानं मिसळीवर वाटीभर कच्चा कांदा घेतला होता. विसरले नाही मी.

गुरुवार, ६ मार्च

आज गाडीतून पिठाची पिशवी काढायला गेले तर डिकीत — टूथब्रश! माझ्या कमरेएवढा, पिवळा धमक. विज्ञान शिकवण्यात उभं आयुष्य गेलं, बुवाबाजीविरुद्ध कराडपासून पाटणपर्यंत कार्यक्रम केले, पाण्यानं दिवा पेटवला, नारळातून करणी काढून दाखवली. चिमटे पाहिले, मोरपिसांचे कुंचे पाहिले. ब्रश घेऊन फिरणारा पंथ पाहिला नव्हता.

संध्याकाळी शंतनू फोनवर कुणाशी तरी बोलत होता. पडद्यावर एक म्हातारा, पांढरी दाढी पोटापर्यंत, गळ्यात पिवळं उपरणं. तीन बोटं दाखवत होता आणि हा मान डोलावत होता. मी आत आले तशी घाईनं फोन ठेवला. कोण होतं विचारलं, तर म्हणे आर्ने, ओळखीचे आहेत.

ओळखीचे! कुठेतरी पाणी मुरतंय.

रविवार, ९ मार्च

झोप नाही. सारखा दादा आठवतो. माझा भाऊ, चांगला इंजिनिअर झालेला. तोही आधी नुसता गुरुवारी जायचा. मग खाणं बदललं. मग इन्शुलिन सोडून अंगारा खायला लागला. आम्हाला कळलं तेव्हा तो बेशुद्ध होता. त्याच्या तेराव्याला मी ठरवलं होतं, माझ्या घरात हे पुन्हा होऊ देणार नाही. आता माझ्या लेकीच्याच घरात!

आणि इशितालाही शंतनूनं ओढलंय. गळ्यात पिवळं घालून मुकाट निघते.

गुरुवार, १३ मार्च

पुन्हा पिवळं. परत आल्यावर मी मुद्दाम म्हटलं, आज चेहरा उतरलाय. तर शंतनू म्हणतो, "हरलो आई, पण एकूणात पुढे गेलो." म्हणजे काय? साधनेत?

गुरुवार, २० मार्च

इशिता दिवसेंदिवस गळत चाललीय. हातापायाला मुंग्या येतात, कप सुटला हातातून. ऑफिसचा ताण आहे म्हणते. सगळा भार हिच्यावर, आणि हा भक्तीत दंग. मी दोन शब्द सुनावलेच त्याला. तिला जरा आराम पडू दे, स्वतःच्या डोक्यात काहीबाही घेऊन तिची परवड करू नकोस. तो भांडी घासत होता. "हो आई," एवढंच म्हणाला.

उलट बोलला असता तर बरं वाटलं असतं.

बुधवार, २ एप्रिल

समोरच्या नीनाताईंकडे गेले होते. या मुंबईच्या, इथे तीस वर्षं आहेत. इथे कुणी बुवा आहे का असं आडून आडून विचारलं. त्या म्हणाल्या, योगवाले आहेत, सत्संगवाले आहेत, टूथब्रशवाले ऐकले नाहीत. मग जरा वेळानं म्हणाल्या, शंतनू फार गुणी मुलगा आहे हो. त्यांच्या डोळ्यात काहीतरी होतं. यांनाही पटवलेलं दिसतंय!

गुरुवार, १० एप्रिल

दोघं हसत आली. इशिता सुद्धा! किती दिवसांनी. दारातच म्हणाली, "आई, साबुदाण्याची खीर कर ना." खाल्ली दोन चमचे, पण खाल्ली. मला आनंद व्हावा की भीती वाटावी? दादाही सुरुवातीला असाच प्रसन्न दिसायचा.

गुरुवार, १७ एप्रिल

आज सोक्षमोक्ष लावला.

फार उशिरा आली. शंतनूचा आवाज पार बसलेला. इशिता झोपायला गेल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात अडवलं. म्हटलं, कसला जप करून आलात? कोण तो दाढीवाला? माझा भाऊ गेलाय यात, मला सगळं समजतं.

तो मग खुर्चीत बसून हसायला लागला, हसता हसता डोळे पुसायला लागला. आणि फोन पुढे केला. फुटबॉल!

नॉर्वेतला संघ. बोडो ग्लिम्ट. गाव पार उत्तर ध्रुवाकडे, वस्ती आपल्या कराडएवढी असेल नसेल. मैदानावर गवतसुद्धा खोटं, खरं उगवत नाही धड. देशातली लीग मागच्या वर्षी यांनीच जिंकली, आणि आता युरोपातल्या मोठमोठ्या क्लबांना घरी पाठवतायत. मार्चमध्ये ग्रीसवाल्यांना तीन शून्य, गेल्या गुरुवारी रोमच्या लाझिओला दोन शून्य. आज रोममध्ये जादा वेळ धरून तीन-एक हरले, पण दोन्ही मॅचेस मिळून बरोबरी, मग पेनल्टी. त्यात जिंकले! युरोपात सेमीफायनलला पोचलेला नॉर्वेचा पहिला क्लब. रंग पिवळा. टूथब्रश म्हणजे त्यांच्या प्रेक्षकांची जुनी खोड, मैदानात नाचवतात. दाढीवाले आर्ने मूळचे त्याच गावचे, आता इथेच सिअ‍ॅटलला, बॅलर्ड भागात राहतात. त्यांच्यासोबत बसून बघतो हा. आणि सामने गुरुवारीच असतात.

मी कपाळावर हात मारला. साप साप म्हणून भुई धोपटत होते मी दोन महिने! त्याला म्हटलं, मग सांगायला काय झालं होतं? तो म्हणाला, "तुम्हाला इंटरेस्ट नसेल वाटलं, आई."

शुक्रवार, १८ एप्रिल

नाही पटत.

सामना भरदुपारी. कामाच्या दिवशी. इशिता तर ऑफिसात असते ना? मग पेनल्टीचं ती इतकं रंगवून कशी सांगत होती सकाळी — गोलकीपर कुठल्या बाजूला पडला इथपर्यंत? शिवाय फुटबॉलला टक्कल लागत नाही. फुटबॉल काकडी खाऊ नका म्हणत नाही.

एवढी वर्षं परीक्षेतल्या कॉप्या पकडल्यात मी. अर्धं खरं सांगून अर्धं लपवणारा पोरगा लगेच ओळखू येतो.

गुरुवार, २४ एप्रिल

आज सामना नव्हता. तरी गेली! त्याच वेळी, त्याच कपड्यात.

आता बोला.

सोमवार, २८ एप्रिल

अनयाला बागेत नेलं होतं. चित्र काढत होती, मोठी खुर्ची आणि त्यात दाढीवाला. म्हटलं हे कोण? नेहमीसारखी इंग्रजीत म्हणाली, आर्ने आजोबा. ते आता येत नाहीत, त्यांची खुर्ची रिकामी असते, म्हणून डॅडी रडला.

कुठली खुर्ची, गं? मी विचारलं.

हॉस्पिटलमधली, म्हणाली. तिथे गरम ब्लँकेट देतात.

सोमवार, रात्र

टक्कल. कच्चं नको. बाहेरचं नको. आल्या आल्या आंघोळ. दर आठवड्याला ठरलेला वार. आमच्या शाळेतल्या देशमुख सरांचं असंच होतं शेवटच्या वर्षात, मी स्वतः त्यांना डबा नेऊन दिलाय. आणि तेच सगळं समोर असताना मला बुवा दिसला.

शंतनूला कॅन्सर आहे. एकोणचाळीस वर्षांचा पोरगा. आणि मी त्याला भांडी घासताना सुनावलं.

गुरुवार, १ मे

सेमीफायनलचा पहिला सामना लंडनला. टॉटनहॅमकडून तीन-एक हरले. शेवटाकडे एक गोल केला, म्हणून आशा आहे असं शंतनू सांगत होता. मी त्याच्या ताटात तूप जास्त वाढलं, साखर घालून शिरा दिला. तो म्हणाला, आई, बास. मी म्हटलं, खा. ताकद लागते.

इशितानं माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. तिनं एकटीनं हे कसं पेललं असेल? काय करू तिच्यासाठी? नुसता स्वयंपाक!

मंगळवार, ६ मे

शेवटी बोलले. शंतनू गराजमध्ये होता, तिथे गेले. म्हटलं, मला सगळं कळलंय. किती सोसलंस रे. आता लपवू नका. गुरुवारी मीही येणार हॉस्पिटलात, तुझा हात धरून बसणार.

तो हातातली वायर गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "इशिताला विचारतो."

हेही बायकोला विचारून! पण दहा मिनिटांत परत आला. त्याचे डोळे लाल. "या आई. ती हो म्हणाली. आम्हाला तुम्हाला सांगायचं होतंच. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं, तुम्ही परत त्यातच... म्हणून ती नको म्हणत होती."

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आता खुंट वाढलेत. औषध लागू पडतंय वाटतं. किती बरं वाटलं मला!

गुरुवार, ८ मे

लांबलचक खोली, खिडकीशी मोठ्या खुर्च्या, प्रत्येकीशेजारी सलाईनचा स्टँड. मी शंतनूचा हात घट्ट धरून आत गेले. नर्सनं पेशंटचं नाव विचारलं.

त्यानं हात सोडवून घेतला आणि मला बाजूच्या स्टुलावर बसवलं. मोठ्या खुर्चीत इशिता बसली.