बर्फातले जावईबापू

३ जानेवारी
ठरलं. पुढच्या आठवड्यात डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान. भर थंडीत, बर्फात. सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याकडे आहेत आणि खिडकीशी बसून असतात. बोलणं नाही, हसणं नाही. टीव्ही लावला तरी आवाज बंद. सहलीची कल्पना बायकोची, पण नेतृत्व माझं. अशा वेळी घरात एक खंबीर पुरुष लागतो. उद्यापासून पहाटे धावणार.

४ जानेवारी
धावलो नाही. शरीराला आधी सूचना द्यावी लागते. आज दिली.

७ जानेवारी
दुकानात गिऱ्हाईक नाही. बर्फावर चालण्याचे व्हिडिओ पाहिले. लोक उगाच घाबरतात. मी इतकी वर्षं फरशा विकतोय. गुळगुळीत म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. मालकांनी विचारलं, काय चाललंय. मार्केट रिसर्च, म्हणालो.

९ जानेवारी
पॅकिंग. ही म्हणाली, थर्मल घ्या. नाही घेतले. थंडी ही मनाची समजूत आहे. हिने गुपचूप दोन जोड माझ्या बॅगेत कोंबले. पाहिलं. काढले नाहीत. वाद कशाला.

११ जानेवारी
पोहोचलो. बसमधून उतरलो आणि दात वाजायला लागले. थर्मल घातले. दोन्ही जोड, एकावर एक. हिचं मन मोडायला नको. सासूबाई इथेही खोलीतल्या खिडकीशी जाऊन बसल्या. त्यांना हरणांविषयी सविस्तर माहिती दिली. ऐकता ऐकता झोपल्या. मन शांत होतंय, चांगलं लक्षण.

१२ जानेवारी, दुपारी
गोठलेल्या तळ्याकडे निघालो. गेटवरच्या बाईंनी बुटांना बांधायचे लोखंडी काटे दिले. या दोघींनी बांधले. मी नको म्हणालो. तोल पायात नसतो, डोक्यात असतो. हेच सासूबाईंना समजावत, मागे बघत पुढे चाललो होतो, तेवढ्यात पडलो. बसलो म्हणा. बसल्या बसल्याच उतारावरून निघालो तो थेट खालच्या झुडपात. झुडपावरचा सगळा बर्फ डोक्यावर. पलीकडे एक हरीण चरत होतं. त्यानं मान वर करून मला पाहिलं आणि परत चरायला लागलं.

वर कोणीतरी हसत होतं. हिचं हसणं मला पाठ आहे. हे ते नव्हतं. सासूबाई वाटेवरचा कठडा धरून हसत होत्या. डोळे पुसायच्या, खाली बघायच्या, परत हसायच्या. मग म्हणाल्या, "आज हे असायला हवे होते गं." आणि रडायला लागल्या. हिने त्यांना जवळ घेतलं. दोघी बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मला काढायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

१२ जानेवारी, संध्याकाळी
सासूबाई मागून मागून जेवल्या. शेजारच्या खोलीतल्या जोडप्याला माझं पडणं अभिनयासकट सांगितलं. झुडपाचा भाग दोनदा. मी हिला खासगीत सांगून टाकलं की मी मुद्दाम पडलो, आईंना हसवायला. ही माझ्या कमरेला बाम चोळत होती. म्हणाली, "मग उद्या निघायच्या आधी परत एकदा पडा. तेवढीच आईला वाटेत करमणूक."

थट्टा करते आहे. पण मुद्दा विचार करण्यासारखा आहे.

१३ जानेवारी
नाश्ता झाल्यावर अंगणात, सासूबाईंच्या समोर, ठरवून पडलो. हात पसरून, तोंडाने आवाजबिवाज काढून. कोणी हसलं नाही. सासूबाई लगबगीने आल्या, मला उठवलं, माझी पाठ झटकली. हिला म्हणाल्या, "अगं, जावईबापूंना असं एकटं सोडत जाऊ नकोस. त्यांचं आता वय झालं."

मग माझा दंड धरून मला बसपर्यंत नेलं. वाटेत पायरी आली की थांबायच्या आणि म्हणायच्या, "पायरी आहे हं."