टिटवाळा लिहून बघितलं, वहिनी

प्रिय वहिनी,

पेनात शाई उरली आहे, म्हणून लिहितोय. भरलेलं पेन तसंच मिटून ठेवायचं नाही, वापरून संपवायचं, हा तुझाच नियम. पत्रिकांवरचे पत्ते लिहून झाले की उरलेल्या शाईत तू माहेरी पत्र लिहायचीस, वाण्याची यादी लिहायचीस, काहीच नसलं तर लोणच्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या डकवायचीस. आमच्या घरी बरण्या नाहीत. मग म्हटलं, तुलाच लिहावं.

आधी बातमी, मग तपशील. इतकी वर्षं वर्तमानपत्रात काढल्यावर दुसरी पद्धत जमत नाही. तर बातमी अशी, की तुझ्या मुग्धाचं लग्न ठरलं! मुलगा कल्याणचा आहे, कमी बोलतो, आणि मुग्धा बोलत असताना मोबाईल खाली ठेवतो. तू एवढ्यावरच पास केला असतास.

आता तपशील. तो सगळा पेनाचा आहे.

तुझ्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये कुणाचंही लग्न ठरलं की हॉलच्या आधी तुझी वेळ घ्यायचे, आठवतं? पत्रिकांचा गठ्ठा घेऊन लोक दारात उभे. काही द्यायला लागले तर तू म्हणायचीस, "काही नको, शाईची बाटली तेवढी आणा." मग टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, तुझं ते काळं जाड पेन ड्रॉपरने भरायचं, आणि आधी त्याच वर्तमानपत्राच्या कडेला एक शब्द लिहायचा. टिटवाळा. मी शाळेत होतो, विचारलं होतं, टिटवाळाच का? तू म्हणालीस, "भावजी, पहिली पत्रिका गणपतीला जाते, म्हणून. आणि दोन ट आहेत, शेवटी ळ आहे. निब अडायचं असेल तर इथेच अडतं. लोक नवीन पेनाने स्वतःचं नाव लिहून बघतात. त्याचा काय उपयोग? आपलं नाव कशानेही येतं."

हाफ पँटमधल्या मुलाला तू भावजी म्हणायचीस आणि वर 'तुम्ही'! त्या मुलाने मात्र कधी पेन मागितलं की, "निबाला माझ्या हाताची सवय आहे," म्हणून टोपण लावून टाकायचीस. माझा निबंध शिरोरेघांसकट तपासायला तुला वेळ असायचा. "आधी अक्षरं, मग वर एक सलग रेघ. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी रेघ मधेच झोळ खाते तुमची!" पण पेन? नाही म्हणजे नाही. वहिनी, हे जरा जास्तच होतं हं.

तू गेल्यावर ते पेन दादाच्या खिशात असायचं. रिकामं. बँकेत सही करायलाही तो दुसऱ्याचं पेन मागायचा. मुग्धाच्या पत्रिका छापून आल्या तेव्हा त्याने ठरवलं, की पत्ते तुझ्याच पेनाने लिहायचे. आत जुनी शाई घट्ट बसलेली, पेन उघडेना. मग त्याने काय केलं असेल? तू तेलकट बरणी, कळकट डबा, सगळं उकळत्या पाण्याने धुवायचीस. दादाने तीस वर्षं ते बघितलेलं. त्याने पेन उकळत्या पाण्याच्या पातेल्यात सोडलं.

ते जुन्या पद्धतीचं, एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं. काळ्याचं मातकट झालं आणि मधोमध वाकलं. टोपणाचे आटेही बसेनात.

त्याने कुणाला सांगितलं नाही. मला मुग्धाचा फोन आला. "काका, तुम्ही या रविवारी. बाबा म्हणतायत पत्त्यांची लेबलं छापून आण. आणि आईच्या फोटोसमोर बसून म्हणतायत."

मी विचारलं, "पेनाचं काय झालं?"

"ते नका विचारू. रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलंय. मी उघडून बघितलं. काका, केळ्यासारखं झालंय ते." एवढं बोलून ती हसायला लागली, आणि मग हसणं थांबलं.

सोमवारी सकाळी पत्रिका घेऊन बापलेकींनी टिटवाळ्याला जायचं ठरलं होतं. त्याआधी पहिल्या पत्रिकेवर हाताने लिहिलेलं काहीतरी हवं होतं. मुद्दा पत्त्यांचा नव्हता, वहिनी. व्हॉट्सअ‍ॅपवर आमंत्रण सगळ्यांना केव्हाच गेलंय. आईशिवाय होणाऱ्या लग्नात आईच्या वाटचं एक काम तरी घरात व्हावं, एवढंच त्या मुलीचं मागणं होतं. आणि दादा नेमकं त्यालाच नाही म्हणत होता.

मी टेंभी नाक्याजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो. पुन्हा भरता येईल असं शाईचं पेन मागितलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "गिफ्टला पाहिजे का? बॉक्सवालं दाखवू?"

"नाही, लिहायला."

"लिहायला?" त्यांना खरंच नवल वाटलं. मग खालच्या कप्प्यातून एक पारदर्शक प्लॅस्टिकचं पेन काढलं. "हे घ्या मग. दिसायला काही नाही, पण मुलं परीक्षेला नेतात."

किंमत ऐकून मीच दोनदा विचारलं. आमच्या घरी तुझ्या जाऊबाईंचा, नीताचा, तर विश्वासच बसेना. "एवढ्यात? मग उद्या गळणार," म्हणाली आणि माझे पांढरे शर्ट वेगळे काढून ठेवले.

वहिनी, पेन गळलं नाही. मला या पेनाबद्दल सविस्तर सांगू दे, कारण घरात ऐकणारं दुसरं कुणी नाही. याला ड्रॉपर लागत नाही. निब बाटलीत बुडवायचं आणि मागची शेपटी फिरवायची. शाई आपोआप वर चढते, आणि अंग पारदर्शक असल्यामुळे चढताना दिसते! मी ती दोनदा उगाचच खाली सोडून पुन्हा वर घेतली. तुझ्यासारखी निळी बोटं झाली नाहीत, याचं मात्र थोडं वाईट वाटलं.

निब साधं, स्टीलचं. पहिल्या ओळीला जरा खरखरलं, दुसऱ्या ओळीपासून चालायला लागलं. दाबावं लागत नाही. बॉलपेनने लिहून लिहून माझी दाबायची सवय पक्की झालेली. या पेनाने ती दोन दिवसांत सोडवली. दाबलं की रेघ जाड आणि बेंगरूळ येते, लगेच दिसतं. हात सैल सोडला की अक्षर आपोआप गोल होतं. माझं अक्षर, वहिनी! ज्याला आमच्या डेस्कवर "औषधाची चिठ्ठी" म्हणायचे.

दोष सांगायलाच हवेत, नाहीतर तुला वाटेल जाहिरात करतोय. खिशाला अडकवायची पट्टी लेचीपेची आहे. रेघ माझ्या आवडीपेक्षा बारीक. टोपण मागे खोचलं तर पेन शेपटीकडे जड होतं. पण चार दिवस न उघडता टेबलावर पडून होतं, आणि उघडल्यावर पहिल्याच अक्षराला चाललं. घोडबंदर रोडच्या उन्हात, हलत नसलेल्या गाडीत, शर्टाच्या खिशात बसून डोंबिवलीपर्यंत आलं आणि एक थेंब बाहेर नाही. इतक्या स्वस्त वस्तूने एवढं इमान का राखावं?

आणि हो, पहिला शब्द मी टिटवाळाच लिहिला. निब कुठेच अडलं नाही.

काल दुपारी तुझ्या घरी पोचलो. मुग्धाने टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. ताटात हळद, कुंकू, वाटीत पाणी. सगळं तुझ्यासारखं. दादा गॅलरीत पाठमोरा.

"दादा, पेन आणलंय."

"लेबलं स्वस्तात होतात," तो न वळता म्हणाला. "लोकांना पत्ता वाचता आला की झालं."

मुग्धा म्हणाली, "बाबा, आईने अख्ख्या बिल्डिंगच्या पत्रिका लिहिल्या. आणि माझ्यावर स्टिकर? वांग्यांवर लावतात तसं?"

"मग तू लिही."

"माझं अक्षर बघितलंयत? कुरिअरवाला रडेल."

दादाने मग माझ्याकडे बघितलं. "तुला कळत नाही का रे? तिने ते पेन कुणाला हात लावू दिलं नाही. मला नाही, तुला नाही. इतकी वर्षं सांभाळलं. आणि मी एका दुपारी..."

मी नवं पेन टेबलावर ठेवलं. "हे तिचं नाही, दादा. हे कुणाचंच नाही अजून. बिघडलं तर दुसरं आणू. लिहून तर बघ."

मग दादा येऊन बसला, पेन उजेडात धरलं, आतली शाई हलवून बघितली, "औषधाच्या बाटलीसारखं दिसतंय," म्हणाला. मुग्धा काही बोलणार होती, मी तिला डोळ्याने थांबवलं. त्याने वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं. तुला वाटेल त्याने स्वतःची सही केली. नाही. त्याने लिहिलं, टिटवाळा. ट वर जरा थांबला, ळ नीट वळवला, आणि वर एक सलग रेघ मारली. झोळ नाही.

मला वाटायचं, तुझी ती परीक्षा फक्त मलाच माहीत आहे. नवरा वर्तमानपत्र वाचत असतो तेव्हा तो बरंच काही बघत असतो, हे तुला माहीत होतं का गं?

"चालतंय," तो म्हणाला. पेन मात्र माझ्याकडे सरकवलं. "अक्षर तुझं. हळदकुंकू माझं."

खरंच, हळदकुंकू नेहमी त्याचंच काम. आणि भांडणही त्याचंच! ओली बोटं घेऊन तो तुझ्या डोक्यावर उभा असायचा, तू शेवटचं अक्षर लिहितेस न लिहितेस तोवर पाकिटाच्या चार कोपऱ्यांना बोट. मग शाई फुटायची आणि तुझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत. "अहो, वाळू द्या की! कुठे गाडी चुकतेय?" दर गठ्ठ्यात दोन-तीन पाकिटं तरी निळ्या-लाल डागांची व्हायची. ती तू नेमाने दादाच्याच मित्रांना पाठवायचीस.

पहिली पत्रिका गणपतीची. ती मी जीव मुठीत धरून लिहिली. पाकीट गुळगुळीत होतं, शाई वाळायला वेळ लागत होता. दादा बोट ओलं करून बसला होता. तो थांबला. मी मान हलवल्यावर मगच त्याने कुंकू लावलं.

मग मुग्धाने दुसरं पाकीट पुढे केलं. "काका, हे आईचं."

मी तुझं नाव लिहिलं. सगळं पूर्ण नाव, तुला आवडायचं तसं, माहेरच्या आडनावासकट. मग हात थांबला. "पत्ता?"

मुग्धाने वडिलांकडे बघितलं.

"पत्ता हाच," दादा म्हणाला. "दुसरा कुठला असणार?"

लिहिला. मजला, खोली, बिल्डिंग, डोंबिवली पूर्व. पाकीट त्याच्यासमोर ठेवलं. वरून पंखा फिरत होता, बारीक निबाची शाई हळूहळू वाळली. दादा तसाच, हळदीचं बोट हवेत धरून. हळद त्याच्या मनगटापर्यंत ओघळली.

"बाबा, वाळलंय," मुग्धा म्हणाली.

"वाळलंय रे दादा," मीही म्हणालो.

"असू दे," तो म्हणाला. "थांबू थोडं. तिला घाई आवडत नाही."

ते पाकीट तुझ्या फोटोपाशी ठेवलंय. बघ जरा, एकही डाग नाही. आज सकाळी दोघं टिटवाळ्याला गेले, आणि मी घरी येऊन हे लिहायला बसलो.

आता पेनात शाई तळाशी दिसतेय, आवरतं घ्यायला हवं. तर कबूल करतो. हे पेन मी फक्त गार पाण्याने धुवेन. भरलं की संपवेन. तुझ्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आज निघताना जिन्यात विचारलंच, "नातवाच्या मुंजीच्या पत्रिका लिहाल का हो? बाटली आणते." लिहीन म्हणालो. एक गोष्ट मात्र तुझ्याविरुद्ध करणार आहे. कुणी हे पेन मागितलं तर देणार. दादाला तर सर्वात आधी. निबाला सगळ्या घराच्या हाताची सवय होऊ दे.

लग्नाला ये. पाकिटावर पत्ता नीट आहे.

तुझा,
भावजी