निळ्या कागदावरचं चित्र

सोम्मा वेसुव्हियाना
मंगळवार, १० जून

प्रिय मेना,

रविवारीच फोनवर बोललो आणि आता हे पाकीट, म्हणजे तुला नवल वाटेल. आपल्या घरात पत्रं येतात ती विजेची नाहीतर विम्याची. पण फोनवर मला बोलता येत नाही. हातात आला की मी तिकडचं हवापाणी विचारतो आणि आईकडे देतो. लिहिताना निदान खोडता येतं. हा तिसरा कागद आहे. दुपारचे पावणेदोन झालेत, शटर अर्धं खाली ओढलंय, आई वर झोपलीय आणि मी रंग ढवळायच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून बसलोय.

आधी इकडचं सांगतो. जर्दाळू यंदा चांगले आलेत, बारीक आहेत पण गोड. आई गुरुवारी खोकं पाठवणार आहे, एकेक फळ कागदात गुंडाळून. मी म्हटलं, तिकडे उत्तरेत, फेरारात जर्दाळू मिळत नाहीत का. तर म्हणाली, मिळतात, पण त्यांना आई नसते. वरच्या गल्लीतली दोन्ना चेलेस्ते मला बघितलं की काठी आपटून थांबवते. "साबातो, तुझी पोरगी कधी येणार? या नर्स रोज नव्या येतात. काल आलेली इंजेक्शन देत होती की खिळा ठोकत होती, मला कळलंच नाही." तुझ्या हाताची ती अजून तारीफ करते. मी मान हलवतो आणि पुढे जातो.

तुझी पांडा गाडी ठीक आहे. दर रविवारी मी ती दहा मिनिटं चालू ठेवतो, हातभर पुढे, हातभर मागे करतो, म्हणजे टायर एका जागी बसत नाहीत. विमा नाही म्हणून गेटबाहेर काढता येत नाही. आत तिला तीन मीटर चाळीस जागा मिळते, मी मोजलीय. उजवं फेंडर बाकीच्या पत्र्यापेक्षा अजून चमकतं. त्या बाजूला मी ताडपत्री जरा जास्तच खाली ओढून ठेवतो.

तिच्या विम्याचा तो पहिला दिवस तुला आठवत असेल. तू तेवीस वर्षांची, सहकारी संस्थेत नर्स म्हणून नुकतीच लागलेली, घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना इंजेक्शनं द्यायची, पट्ट्या बदलायच्या. संस्थेचा नियम असा की गाडी आणि पॉलिसी दोन्ही नर्सच्याच नावावर हवीत. एजन्सीतल्या चष्मेवालीने तुझं वय विचारलं, पत्ता विचारला आणि चार हजार युरोंच्या वरचा आकडा सांगितला. गाडी आपण अडीच हजाराला घेतली होती. तू माझ्याकडे बघितलंस. मी खिशातून कागद काढला आणि तिला कलम वाचून दाखवलं: एकाच घरात राहणाऱ्या मुलाला बापाची पायरी मिळते. पायरी जितकी वरच्या आकड्याची तितका हप्ता जास्त. नवख्याची चौदावी, माझी पहिली. एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही. ती आत साहेबांना विचारून आली आणि मुकाट्याने आकडा खोडला. तरीही एक हजार सहाशे चाळीस झालेच, कारण वय सव्विशीच्या आत आणि पत्ता आपल्या जिल्ह्यातला. जिना उतरताना तू माझा दंड धरून म्हणालीस, "पप्पा, तुम्ही वकील व्हायला हवं होतं." मी तेराव्या वर्षी शाळा सोडली. पत्रा ठोकायला मला कुणी शिकवलं नाही, रंग जुळवायला शिकवलं नाही, कायदा वाचायला तर नाहीच. गावातले लोक आपापल्या पॉलिसी घेऊन माझ्याकडे येतात, "साबातो, यात काय लिहिलंय बघ जरा." पण तुझं ते वाक्य मी जास्त जपलं. दुसऱ्या बापांनी मुलींना घरं दिली असतील. मी तुला माझी पहिली पायरी आंदण दिली होती.

आणखी एक आठवतं. तू पाच-सहा वर्षांची असताना मी गॅरेजच्या फरशीवर तो तपकिरी कागद पसरायचो, रंग मारताना काचा झाकायला लावतो तो, आणि त्यावर वरून दिसतं तसं गाव काढून द्यायचो. गल्ल्या, चर्च, चौक, गाड्या. तू गुडघ्यांवर रांगत फिरायचीस आणि दरवेळी चिडवायचीस, "पप्पा, याही गाडीला एकच वायपर?" माझ्या जुन्या पांडाला एकच होता. हाताला ते वळण लागलं ते लागलंच. बस काढली तरी तिला एकच वायपर.

मग गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. नूतनीकरणाचा कागद आला: तिसरी पायरी, एक अपघात, चूक तुझी, दोन हजार नऊशे सत्तर. दुसऱ्या कंपन्यांनी त्याहून वरचे आकडे सांगितले. तू चष्मेवालीला म्हणालीस की मी कुणाला धक्कासुद्धा लावलेला नाही, तर ती म्हणाली, "सगळ्यांचं तेच म्हणणं असतं, सिन्योरिना." तू घरी येऊन या शटरखाली उभी राहिलीस, ओठ पांढरे पडले होते. "मी कुणाला धडकले ते तरी सांगा म्हणावं." मी हातातला घासपेपर खाली ठेवला नाही. म्हटलं, ते लोक चोर आहेत, त्यांच्या नादी लागू नकोस, वकील लावशील तर विम्याहून जास्त जातील. अशा बाबतीत गाव माझं ऐकतं, तूही ऐकलंस. महिनाभर बसने फिरलीस, दोन्ना चेलेस्तेकडे इन्सुलिनला उशीर व्हायला लागला. माझी व्हॅन देता येत नव्हती. एक तर संस्थेचा नियम, आणि सव्विशीखालच्याने चालवायची नाही हे कलम, स्वस्त पडतं म्हणून मीच घेतलेलं. वरचे तेराशे मी भरतो असं मी तीनदा म्हणालो. तिसऱ्यांदा तू काय उत्तर दिलंस ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "जे मी केलंच नाही त्याचे पैसे तुम्ही का भरायचे, पप्पा?" जानेवारीत तू बॅग भरलीस. फेराराहून पहिल्या फोनवर सांगितलंस की हॉस्पिटलात सायकलने जाते, आणि तुझ्याच वयाची खोलीतली मैत्रीण वर्षाला सहाशे भरते. "इथली माणसं पायांनी नाही, पंखांनी ब्रेक दाबतात वाटतं." आई हसली. मीही हसलो.

रविवारी तू सांगितलंस की कंपनीकडे त्या अपघाताची अख्खी फाइल मागितली आहेस, कायद्याने त्यांना द्यावी लागते, आणि ती या आठवड्याअखेर मेलवर येईल. खोटं कुणी लिहिलं ते कळलं की पोलिसांत तक्रार, मग पायरी दुरुस्त, मग घरी. आईने टाळी वाजवली. "सोडू नकोस त्यांना. तुझा बाप येईल तुझ्याबरोबर. त्याच्यासमोर कुणाची टाप आहे बोलायची." तू विचारलंस, "पप्पा, याल ना?" मी म्हटलं, फेरारात पाऊस आहे का.

मेना, आता मी क्रमाने लिहितो, एकही गोष्ट गाळत नाही.

गेल्या वर्षी मार्चच्या बारा तारखेला, मंगळवारी, औषधवाल्या दोत्तोर मारोत्तांची ती मोठी करडी जर्मन गाडी तयार झाली. डाव्या दाराचा रंग मी डोळ्यांनी जुळवला होता. रंगाच्या कंपनीच्या कॉम्प्युटरला तो जमला नव्हता. दार मला इतकं साधलं होतं की गाडी बाहेर काढताना मी आरशात रस्ता बघत नव्हतो, ते दारच बघत होतो. आपल्या गेटच्या लोखंडी खांबाला गाडी घासली. तेच दार, आणि त्याच्या मागचंही. आजूबाजूला कुणी नव्हतं. गॅरेजच्या विम्याने अशी नुकसानी भरून निघते, पण तो मी जानेवारीत सोडून दिला होता. हप्ता वाढला होता, आणि मला वाटलं, माझ्या हातून काय होणार आहे.

दोत्तोर सहाला येणार होते. मी त्यांना खरं सांगू शकलो असतो. त्यांनी आठ दिवस थांबून घेतलं असतं आणि आठ दिवस दुकानात सांगितलं असतं की साबातोने स्वतःच्याच गेटला गाडी ठोकली. मी म्हटलं की माझी मुलगी घाईत आत वळली आणि तिची गाडी लागली, ड्यूटीवर जायचं होतं म्हणून बिचारी थांबली नाही. ते हसले. "पोरींना स्टिअरिंग द्यायचं म्हणजे पत्रेवाल्याची चांदी. तुझ्या तर घरातच गिऱ्हाईक." मीही हसलो, मेना. त्यानंतर दुकानात ते तुला "सावकाश हं, सिन्योरिना" म्हणायचे आणि तुला ती म्हाताऱ्याची थट्टा वाटायची, ती ही. त्यांचा यात काही दोष नाही, त्यांना आजही ते खरंच वाटतं.

अपघात झाल्यावर दोघांनी सही करायचा तो निळा कागद माझ्या खणात असतोच. त्याचं सरकारी नाव सलोख्याचं निवेदन. तो मी भरला, म्हणजे त्या दारांचा खर्च तुझ्या विम्यातून निघणार होता. त्यांची सही त्यांनी केली, तुझी मी केली. तुझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून ती सही मी बघत आलोय. रुओक्कोतल्या आर चा दांडा तू किती तिरका ओढतेस ते मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तुझी सुट्टी होती. तू आईबरोबर नोलाला गेलीस तेव्हा मी तुझी पांडा आत घेतली आणि उजव्या फेंडरवर जमिनीपासून अठ्ठेचाळीस सेंटिमीटरवर हातोडा घातला. कंपनीचा माणूस बघायला आला तर मापं जुळली पाहिजेत म्हणून. करडा रंग घासला, फोटो काढले. एकतीस वर्षं मी पोचे काढत आलो, घातलेला हा एकच. मग तो काढला, पुट्टी भरली, रंगवला. तू परत आल्यावर गाडी बघून म्हणालीस, "पप्पा, मला न सांगता रंगवून दिलीत?" आणि माझ्या गालाचा मुका घेतलास.

आणि ज्या हिशेबावर हे सगळं केलं तो चुकला. दोन पायऱ्यांनी हप्ता किती वाढेल ते मी आधी तक्त्यात बघितलं होतं. वर्षाला एकशे नव्वद. तेवढे गुपचूप मीच भरणार होतो. पण मी बघितला तो माझ्या वयाचा रकाना. तुझ्या वयाचा शेजारीच होता. लोकांच्या पॉलिसी वाचून दाखवणारा माणूस मी, आणि तुझ्या बाबतीत चुकीच्या रकान्यात बोट ठेवलं. कंपनीने अपघाताची सूचना पाठवली होती. ती गॅरेजच्या पत्त्यावर आली, कारण पॉलिसी घेताना पत्ता मीच दिला होता. ती घासपेपरच्या गठ्ठ्याखाली आहे, या क्षणी माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर. पंधरा महिन्यांत ती मी तुला देऊ शकलो असतो, असे चारशेच्या वर दिवस होते.

आईला अजून माहीत नाही. पण संस्थेतली इओलान्दाबाई शुक्रवारी भेटली. तुझी जागा तिने जूनअखेरपर्यंत धरून ठेवली होती, पण वरून दबाव आला. सोमवारपासून तुझी फेरी नोलाच्या एकीला दिली, कायमची. ती सदतीस वर्षांची आहे, तिला विमा परवडतो. म्हणजे फाइल आली, पायरी दुरुस्त झाली, तरी परत येण्यासारखं इथे काही उरलेलं नाही. हे पत्र वेळेवर आलेलं नाही, हे मला कळतं.

तरी पोलिसांना दाखवायचं असेल तर दाखव. म्हणूनच सगळीकडे तारखा घातल्यात आणि खाली ओळखपत्राचा नंबर लिहिलाय. वकिलाला आणखी काही लागणार नाही. तू ते करणार नाहीस अशी मला भीती वाटते, कारण मग पुढची सगळी वर्षं ती तिसरी पायरी तू माझ्यासाठी भरत राहशील. रजिस्टर केलं तर पत्र गुरुवारी तुझ्या हातात पडेल, फाइल शुक्रवारच्या आधी येत नाही. फाइलच्या दुसऱ्या पानावर, उजवीकडे खाली, अपघात कसा झाला ते काढायची चौकट आहे. लोक तिथे नुसते दोन चौकोन काढतात. मी पट्टी लावून गल्ली काढली, गेट काढलं, दोन्ही गाड्या आरशांसकट काढल्या, कोपऱ्यात प्रमाणही लिहिलं. सही पाहून कदाचित तू फसलीही असतीस. पण ते चित्र बघितल्यावर तुला कुणाला काही विचारावं लागणार नाही. त्या जर्मन गाडीलाही एकच वायपर आहे.

तुझाच,
पप्पा

साबातो रुओक्को
ओळखपत्र क्र. सीए ४४१७० एमझेड
(ही सही माझी आहे.)