अकरातले पाच तास

लासुर्णे, ता. इंदापूर
१० फेब्रुवारी २०२५

राजेश्वरीस नमस्कार.

घरी सगळे बरे आहेत. थंडीनं आईचा गुडघा धरलाय, तरी तुझी चौकशी चालू असते. कऱ्हाटीला तुझ्या घरचे मजेत असतील. तुझा मेसेज मिळाला, 'प्रयोग कसा वाटला, मोकळेपणानं सांग.' मोबाईलवर सांगितलं असतं तर तू अंगठ्याचं चित्र टाकून मोकळी झाली असतीस, म्हणून कागदावर लिहितोय.

मला राग आलाय. शनिवारपासून आलाय आणि उतरत नाही.

आधी हॉलच्या दारातलं सांगतो. तुझी मैत्रीण श्रेया सगळ्यांची घड्याळं आणि मोबाईल टोपलीत काढून घेत होती. मला म्हणाली, आपण कोण? मी म्हणालो, स्टेजवर ट्रॅक्टरची सीट ठेवलीय ना, ती धुऊन, पोत्यात बांधून गाडीवरनं घेऊन आला तो. ती हसली आणि हातात पुस्तिका दिली. पहिल्याच पानावर छापलंय, 'साखर कारखान्याच्या यार्डात एका अनाम चालकासोबत काढलेल्या अकरा तासांवर आधारित.'

अनाम? अकरावीपासून तू मला ऋषिराज म्हणून हाक मारतेस. बारामतीला तत्त्वज्ञानाच्या वर्गात आपण मोजून सात जण होतो. सात जणांत नाव विसरायला जागा तरी कुठं होती?

सकाळी आठ ते संध्याकाळी सात तू त्या सीटवर बसलीस. हलली नाहीस, बोलली नाहीस. स्पीकरवर उसाच्या ट्रॉल्यांचे नंबर पुकारले जात होते आणि तुझा येतच नव्हता. अवघड आहे, मान्य. पण यार्डात असं पुतळ्यासारखं कोण बसतं गं? आम्ही टायरची हवा बघतो, ट्रॉलीखाली झोपतो, पत्ते कुटतो, नंबरावरून एकमेकांची गचांडी धरतो. माझ्या मागचा विजयसिंह तर आरशात बघून दाढी उरकून घेतो. तू आमच्या वेळेतनं माणसं काढून टाकलीस, आणि उरलं त्याला काळ म्हणालीस.

वर आपल्या तत्त्वज्ञानाच्या सरांचं भाषण. घड्याळातला वेळ खरा नव्हे, मनात वाहतो तोच खरा काळ. टाळ्या. याच सरांनी एस.वाय.ला सात मिनिटं उशीर झाला म्हणून मला वर्गाबाहेर काढलं, आणि फळ्यावर त्या दिवशी हाच विषय होता. मी म्हणालो होतो, सर, माझ्या मनात अजून तास सुरूच झाला नाही. सगळे हसले, तूसुद्धा. सर म्हणाले, माफी मागितल्याशिवाय येऊ नकोस. मी गेलोच नाही. लोकांना वाटतं, घरी ट्रॅक्टर घेतला म्हणून कॉलेज सुटलं. तसं नाही. तू तेव्हा म्हणाली होतीस, माग की माफी, काय झिजतंय? तेही ऐकलं नाही.

शनिवारी मी दुपारपासून शेवटपर्यंत तिसऱ्या रांगेत होतो. तुझी नजर दोनदा माझ्यावरून गेली, थांबली नाही. श्रेया म्हणाली, प्रयोगात ओळख दाखवायची नसते. यार्डात दाखवली होतीस की.

इथपर्यंत लिहून पाकीट चिकटवलं होतं. परत फोडलं.

यार्डातल्या त्या दिवसाचं सगळं तुला ठाऊक नाही. ट्रॉलीत शेळगावच्या सोपानतात्यांचा ऊस होता, नंबर दोनशे चौदा. तुझ्या अटीप्रमाणे घड्याळ-मोबाईल डब्यात बंद. दुपारी दोनच्या पाळीचा भोंगा झाला, तू बनाबाईच्या टपरीवर चहा आणायला गेलीस, आणि तेवढ्यात दोनशे चौदा पुकारला. मी चावीला हात घातला आणि काढून घेतला. विजयसिंहला म्हणालो, तू घे पुढं.

"येडा झालास काय? ऊस वाळतोय."

मी म्हणालो, वाळू दे. हुकलेला नंबर शेवटाला जातो, हे मला चांगलं माहीत होतं.

तू दोन कप सांभाळत आलीस आणि म्हणालीस, "आपला नंबर आला का रे?"

मी म्हणालो, "न्हाय अजून."

मग तू पुण्यात शिकायला राहतेस तिथलं सांगायला लागलीस. डब्यातल्या गार भाजीचं, खोलीतल्या तिघी आपसात बोलतात त्याचं, रडायला आलं की बाथरूमचा नळ सोडावा लागतो त्याचं. असलं काही अकरावीपासून एकदाही सांगितलं नव्हतंस. सातला आपल्या ट्रॉलीचा वजनकाटा झाला. पावतीवरची वेळ बघून तू वहीत अकरा तास लिहून घेतलेस. मला ते पुरले नव्हते.

तात्यांना मी ठोकून दिलं, कारखान्याची ऊस आत ओढणारी गव्हाण बंद पडली होती. विजयसिंहनं खरं सांगून टाकलं. तात्या घरी आले, ओसरीवर बसले. ओरडले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला.

"ऊस वाळला ते मी बघून घीन. पर खोटं कुणासाठी बोललास, येवढं सांग."

आई चहा घेऊन दारात उभी. मला सांगता आलं नाही. तुला सांगतोय.

पुस्तिकेत तू लिहिलंयस, व्यवस्था माणसाचा काळ गिळते. सहा तास गिळले, खरं आहे, रोजच गिळते. पुढचे पाच कुणी गिळले नाहीत, ते मी ठेवून घेतले. चोरी म्हण हवं तर. तुझ्या वेळेची केली, तात्यांच्या उसाची केली. पण तू ते पाचही कारखान्याच्या नावावर लावलेस, आणि मी तिसऱ्या रांगेत बसून ते ऐकत होतो.

पुढच्या महिन्यात पुण्यात हाच प्रयोग आहे, परीक्षक येणार आहेत. खोट्या आकड्यावर बसू नकोस. अकरा तास लिहायचे असतील तर शेजारी माझं नाव लिही. नाव लिहायचं नसेल, तर सहा तास बस आणि ऊठ.

उत्तर घरच्या पत्त्यावर दे. पत्र आई आधी फोडते, पण म्हणून हातचं राखून लिहू नकोस. तिला बहुतेक कळलंय.

ऋषिराज