उसनं धड

सोलापूर,
९ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण माझा फोन. गेले आठ दिवस तो मला श्वास घ्यायला सांगतोय. अठ्ठेचाळीस वर्षं मी हे काम कुणाच्याही मार्गदर्शनाशिवाय पार पाडलं. आता मात्र दुपारी कडक भाकरी आमटीत चुरली रे चुरली की टुंग वाजतं आणि एक बाई मधाळ आवाजात विचारते, की आज आपण स्वतःशी प्रेमाने बोललात का? तोवर आमटी गार, आणि ताट तसंच राहतं. या अन्यायाची दाद कुठे मागावी, ते कुणी सांगत नाही.

ही बाई दानेश्वरीने आणली. तुझी भाची दिवाळीला पुण्याहून आली आणि फोनमध्ये ॲप घालून गेली. तिचं म्हणणं, पप्पा क्रिएटिव्ह क्षेत्रात आहेत, तिथे फार ताण असतो, त्यांनी स्वतःवर करुणा करायला शिकलं पाहिजे. वाढदिवसाचे फ्लेक्स करणाऱ्याला क्रिएटिव्ह म्हणणारी जगात ती एकटीच, म्हणून ॲप राहू दिलं.

झालं ते तुला कळलं असेलच. पुढारी आम्हाला नुसता चेहरा देतात. पांढरा सदरा, जोडलेले हात, हे धड दुकानातलं. घाईत मी एकच धड बापूसाहेबांना लावलं आणि तेच गुरुबसप्पांना. दोघांचं एकमेकांशी विळ्याभोपळ्याचं, वाढदिवस एकाच आठवड्यात, आणि फ्लेक्स एकाच चौकात समोरासमोर. तोच सदरा, तीच चुणी, घड्याळातली वेळसुद्धा तीच. लोक रिक्षा थांबवून फोटो काढत होते. कुणी तरी पसरवलं की युती झाली.

तेव्हापासून शटर खाली आहे. बावीस वर्षांतलं दुसरं एकही काम आठवत नाही, हे दोन फ्लेक्स तेवढे डोळ्यांपुढे नाचतात. वरच्या खिडकीतून समोर आशिषचं दुकान दिसतं. माझी गिऱ्हाइकं तिकडे वळलेली दिसतात. पोराला कालपरवा मिसरूड फुटलं, पण धंदा बरोबर कळतो. चिंचोळी एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायची जागा आहे. एक तारखेपासून जाईन म्हणतो. टॉवेलला चेहरा नसतो.

बाईंनी गृहपाठ दिलाय, स्वतःला प्रेमाचं पत्र लिहा. बसलो होतो लिहायला, पण माणूस माझ्या चांगलाच ओळखीचा निघाला. त्याला बरं काही लिहवेना. म्हणून पत्ता बदलून तुला पाठवतोय. भावोजींना नमस्कार. लोभ करावा, सध्या माझ्याजवळचा संपलाय.

तुझा,
राजशेखर


वैराग,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. राजशेखर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तम्मा, पोस्टमनने पत्र हातात दिलं तर शेजारच्या शिवम्माने दारातूनच विचारलं, कोण गेलं? हल्ली पत्र त्यासाठीच येतं. मी सांगितलं, कोणी गेलं नाही, भाऊ जायच्या तयारीत आहे, टॉवेलच्या कारखान्यात.

तो फोटो आमच्या बाजारात केव्हाच फिरून गेला. तुझे भावोजी हसून हसून खोकले. मी मात्र हात बघितले. डावी करंगळी वाकडी. चिंचेवरून पडलास तेव्हा त्या बोटाला हळद मीच बांधली होती, मी ओळखणार नाही होय? म्हणजे दुकानातलं धड म्हणून जे विकतोस ते तुझंच. निम्मे पुढारी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून मोठे झालेत, आणि खांदेवाला वर खिडकीत उपाशी बसलाय. लई शहाणा आहेस.

ते करुणेचं मला कळत नाही. आमच्यात त्याला जेवून घे म्हणतात. पण एक सांग. हीच चूक त्या आशिषच्या हातून झाली असती तर तू काय केलं असतंस? त्याला म्हणाला असतास का, की तुझं सगळं काम पाण्यात गेलं, आता टॉवेल मोज जा? त्याला जे बोलला असतास तेच स्वतःला बोल. बोलताना तोंड वाकडं करू नकोस, मला इथून दिसतं.

उत्तर पत्रानेच दे. फोनवर तू विनोद करून सुटतोस. कारखान्याचं पुन्हा लिहिलंस तर मी येऊन महिनाभर राहीन, आणि तू माझ्या हातचं मुकाट्याने खाशील. लोभ भरपूर आहे, तो वापरायची तसदी घे.

तुझी अक्का,
सावित्रम्मा


सोलापूर,
२० नोव्हेंबर २०२५

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न आधी टाळला. मग खरं उत्तर दिलं. आशिषच्या हातून झालं असतं तर मी पोट धरून हसलो असतो, चहा घेऊन त्याच्याकडे गेलो असतो आणि म्हणालो असतो, की बाबा, फ्लेक्सचं आयुष्य आठ दिवसांचं, त्याची लाज नववा दिवस कशाला बघायची? हेच आरशापुढे म्हणून पाहिलं. हसण्यापर्यंत जमलं. चहा कोण आणणार, इथे अडलं. शेवटी मीच ठेवला. बरा झाला होता.

मग धीर करून बापूसाहेबांना फोन लावला, माफी मागायला. धड एकच असल्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. तक्रार ही, की गुरुबसप्पाच्या फ्लेक्सवर ते जास्त भरदार का दिसतं? नातवाच्या बारशाचं काम देतो म्हणाले, पण या खेपेला खांदे रुंद कर. ज्याच्यापायी मी अन्न टाकलं, तो प्रश्न खांद्यांचा निघाला.

काल शटर उघडायला उतरलो. त्यावर आशिषच्या अक्षरात कागद, मालक आजारी आहेत, काम समोर द्यावे. तिरीमिरीत समोर गेलो, चांगलं सुनवायला. माझ्या गिऱ्हाइकांचे फ्लेक्स ओळीने टेकवून ठेवलेले, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात नाव माझ्या दुकानाचं. हे काय म्हणून विचारलं, तर मान वर न करता म्हणाला, की काका, लोक लई लवकर विसरतात, कोपऱ्यात नाव दिसत राहायला पाहिजे की. मी आभार मानले का, ते विचारू नकोस. परत आलो आणि शटर उघडलं.

कारखान्याला येत नाही म्हणून कळवलं. तू महिनाभर ये, पण धमकी म्हणून नको. लोभ पोचला, सांभाळून ठेवलाय.

तुझा,
राजशेखर


सोलापूर,
७ डिसेंबर २०२५

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे फक्त तुला. काल सकाळी फिरायला निघालो तर कोपऱ्यावर आशिषने केलेला फ्लेक्स. एका पतसंस्थेचा वर्धापनदिन. एका बाजूला संस्थापक, स्वर्गवासी. दुसऱ्या बाजूला अध्यक्ष, ज्यांना मी आदल्याच संध्याकाळी भजी खाताना पाहिलं होतं. चंदनाचा हार आणि समई पोराने अध्यक्षांना दिली होती. संस्थापक मोकळ्या गळ्याने हसत होते.

रस्त्यावर दूधवाल्याशिवाय कोणी नव्हतं. आशिषचं मशीन बिघडलंय, छपाई माझ्याकडेच झाली होती, म्हणून फाइल हाताशी होती. म्हणजे छापला मीच, आणि मलाही दिसलं नव्हतं. त्याबद्दल स्वतःला काही बोलायचं राहूनच गेलं. शिडी आणली, फ्लेक्स उतरवला, हार ज्याचा त्याला घातला, नवा छापून दुकानं उघडायच्या आत टांगला. कोपऱ्यातलं आशिषचं नाव होतं तिथेच, होतं तेवढंच ठेवलं.

नंतर तो खाली उभा राहून बघत होता. मी दिसताच विचारलं, काका, कसं झालंय? मी म्हटलं, झकास. आणि दुकानात जाऊन बापूसाहेबांचे खांदे करायला घेतले.

तिकडे थंडी पडली असेल, अंगावर शाल घेत जा. लोभ राहू दे.

तुझा,
राजशेखर