जपानच्या बाईला कुंकू लावलं

बसवनगुडी, बंगळूर

ती. मालनअक्कास सकूचा नमस्कार.

आम्ही खुशाल. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस की नुसतीच कण्हतेस?

काल माझ्या हळदीकुंकवाला शेजारच्या सुलभानं एक जपानी बाई आणली. ती गावोगाव सह्या गोळा करते. अणुबाँब बंद करा, देशांनी आपली भांडणं जगाच्या कोर्टात न्यावीत, असा तिचा अर्ज. मी म्हटलं, "आमचं नळावरचं भांडण मिटेना, ही जगाचं मिटवणार!" आणि घाईघाईत तिला कुंकू लावून मोकळी झाले.

सुलभा हळूच म्हणाली, "सकूताई, त्यांचे यजमान त्या बाँबमध्येच गेले."

मी पुसायला हात नेला, तर तिनं तो धरला आणि हसली. अक्का, बाँब टाकणाऱ्यांना एक शिवी नाही! समुद्र ओलांडून दारोदार फिरते, दुसरीचं कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून. मी सही केली.

दाजी लढाईत गेल्यापासून तू कुणाच्या हळदीकुंकवाला गेली नाहीस. रथसप्तमीला माझ्याकडे ये. कोण काय बोलतं ते मी बघते.

वर तुझ्या नावाआधी गं. भा. लिहिलं नाही, ते विसरून नव्हे.

तुझी वाट बघणारी,
सकू