दुसऱ्या ऑपरेशनआधी

चि. छकुलीस,

माझा पेसमेकर डाव्या बाजूला बसवला होता. जखम चिघळली, म्हणून तो काढून उजवीकडे बसवला. आता उजवा हात वर होत नाही, कात्री पेलत नाही. शिवणाचं दुकान बंदच आहे.

दुसऱ्या ऑपरेशनआधी नर्सनं विचारलं, "मुलंबाळं किती?"

मी म्हणालो, "कुणी नाही."

तू माझ्या मनाविरुद्ध लग्न केलंस, त्याला सहा वर्षं झाली. राग तसाच होता. तुझी आई शेजारीच उभी होती.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. रोज शर्टाची बटणं लावून देते, पण तोंडाकडे बघत नाही.

माझं चुकलं, पोरी. तुझा पत्ता तिच्याकडेच आहे, आणि तो मागायला जीभ रेटत नाही.

तुझाच,
बाबा